ब्रेकताई पुन्हा गाडी शिकतात

माझ्या मोठ्या जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवतात. सव्वीस वर्षं झाली. आमच्या शहरात अशी शेकड्यांनी माणसं सापडतील, ज्यांना रस्त्यात ताई दिसल्या की हात आपोआप सीटबेल्टकडे जातो. मग ती माणसं पायी का चाललेली असेनात.

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. हा दुसरा ब्रेक ताई इतक्या हळूच दाबायच्या की शिकणाऱ्याला वाटायचं, वा, काय झकास थांबवली आपण गाडी! दोन-तीन महिन्यांनी त्याला खरा प्रकार कळायचा. तेव्हापासून सगळे त्यांना ब्रेकताई म्हणू लागले. त्यांनाही ते नाव आवडायचं.

"गाडी तळव्याने ऐकायची असते," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. जाड तळाचे बूट घालून कोणी आलं की त्या त्याला घरी परत पाठवत. स्वतः कायम पातळ कापडी बूट. क्लच कुठे पकडतोय, इंजिन कुठे कुरकुरतंय, हे म्हणे त्यांना तळव्याला आधी कळायचं आणि कानाला मागाहून.

त्यांना साखरेचा आजार होऊन बारा वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आठवण झाली तर चालू होत्या. तपासणीचं नाव काढलं की म्हणायच्या, "माझी साखर माझ्याशी गोड आहे, तू कशाला मध्ये पडतेस?" जेवणाची वेळही ठरलेली नाही. शिकणारे एकामागून एक. गोळी सकाळी घ्यायच्या आणि जेवण कधी दोनला, कधी चारला, कधी नाहीच.

आम्ही दोघी एकाच इमारतीत, त्या तळमजल्यावर, मी वर. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मोठा बोर्ड. बोर्डावर चौक, वळणं, चढ, सगळे रस्ते रंगवलेले. त्यावर पुठ्ठ्याचे सिग्नल आणि फलक पिनांनी टोचलेले.

एका संध्याकाळी त्या माझ्याकडे चहाला आल्या. दारात बूट काढले आणि आत आल्या, तर माझ्या फरशीवर दर पावलाला लाल ठिपका.

"ताई, पायाला काय झालंय?"

"कुठे काय झालंय?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाय वर करायला लावला. टाचेत बोर्डाची पिन डोक्यापर्यंत रुतलेली होती. बुटाचा पातळ तळ भोसकून ती डोक्यासकट आत गेली होती आणि बूट काढताना तिने बुटाऐवजी टाचेशी राहणं पसंत केलं होतं. मी डोळे मिटून ती ओढून काढली. ताईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हात् तिच्या! हिला मी सकाळपासून शोधतेय. चौकातला सिग्नल खाली पडला होता."

मी हसले. मग माझं हसू मावळलं. "सकाळपासून? म्हणजे दिवसभर ही पायात होती आणि तुम्हाला दुखलं नाही?"

"कातडी जाड आहे माझी. तुझ्या दिरांना विचार."

माझे दीर, ज्यांना मी दादा म्हणते, आधीच चहाला येऊन बसले होते. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "या बाबतीत मी साक्ष द्यायला तयार आहे." विषय तिथेच संपला. मी जखम धुतली आणि पट्टी बांधली. चूक माझीही होती, कारण मी गप्प बसले.

आणखीही काही काही होत होतं. चालताना सपात पायातून निसटायची आणि ताई तशाच पुढे जायच्या, सपात मागे दारात. दुपारी एक-दीडच्या सुमाराला त्यांचा पारा असा चढायचा की समोरचा गारठून जाई. कधी बोलता बोलता साधा शब्द सापडेना. एकदा एका बाईंना त्या "डावीकडे घ्या" म्हणाल्या आणि हात उजवीकडे केला. बाईंनी बिचाऱ्यांनी मधोमध गाडी उभी केली. "वय झालं माझं," असं म्हणून ताईंनी तेही हसण्यावारी नेलं. वय सत्तावन्न.

मग तो कुंड्यांचा दिवस उजाडला.

तेव्हा त्यांच्याकडे एक बेकरीवाले शिकत होते. साठीचे, धिप्पाड, पण गाडीत बसले की ससा. रोपं विकणाऱ्या एका दुकानासमोरून ते वळण घेत होते. घाबरून त्यांनी ब्रेकऐवजी वेग वाढवायचं पेडल दाबलं. असं शिकणारे नेहमीच करतात आणि त्याचसाठी ताई शेजारी असतात. ताईंनी आपला ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ताईंनी आणखी जोर लावला. गाडी दुकानाच्या फाटकातून आत गेली आणि मातीच्या रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीत जाऊन थांबली. माणसाला ओरखडाही आला नाही. कुंडी मात्र एकही धड राहिली नाही.

"ब्रेक फेल!" ताई गाडीतून उतरताच ओरडल्या. बेकरीवाले काका उतरले ते थेट दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

गाडी गॅरेजमध्ये गेली. ते गॅरेज ज्यांचं, त्यांना सगळे मामा म्हणतात. ताईंच्या तिन्ही गाड्या एकामागून एक त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर मीही गेले. मामांनी कपड्याला हात पुसले, एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ताई, मी तीनदा तपासलं. दोन्ही ब्रेक चोख आहेत."

"असं कसं होईल? मी दाबला ना! सगळी ताकद लावून दाबला."

मामांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "तुम्ही तुमच्या जागेवर बसा बरं. डोळे मिटा. आता ब्रेकवर पाय ठेवा."

ताई बसल्या. डोळे मिटले. उजवा पाय पुढे सरकवला आणि दाबला. "हा घ्या ब्रेक."

"डोळे उघडा."

पाय ब्रेकच्या शेजारी, चटईवर होता. चांगला पावलाच्या रुंदीइतका बाजूला. चटई दाबली जात होती.

"पुन्हा," ताई म्हणाल्या. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी पाय पेडलवर पडला, पण ताई म्हणाल्या, "हा चटईवर पडलाय." मामा खाली बसले आणि बोटाने त्यांच्या बुटावर टकटक करत राहिले. ताई डोळे मिटून तशाच बसल्या होत्या, कोणी बोलेल याची वाट पाहत.

शेवटी मी म्हणाले, "ताई, मामा तुमच्या पायावर टिचक्या मारतायत."

त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. तोंडात आलेला विनोद त्यांनी गिळला हे मला दिसलं. पिनेचं त्यांना आठवलं असावं, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "चल, डॉक्टरकडे."

दादांनाही बरोबर घेतलं. डॉक्टरही ताईंचीच विद्यार्थिनी निघाली. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेली. तिने बूट-मोजे काढायला लावले, तळपाय उजेडात धरून पाहिले आणि मग मासेमारीच्या दोरीसारखा एक नायलॉनचा तुकडा काढला.

"ताई, डोळे मिटा. हा टोचला की 'हो' म्हणा."

ती टोचत गेली. अंगठा, बोटं, चवडा, टाच. मी पाहत होते, तो तुकडा वाकत होता. ताई गप्प होत्या. घोट्याच्या वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "हो. केव्हा सुरू करणारेस?"

डॉक्टरने नंतर एक लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून घुमवला आणि अंगठ्याच्या हाडावर टेकवला. हाताला लावला तेव्हा ताईंना त्याची थरथर कळली. पायाला तो नुसता थंडही लागला नाही.

"पायांची आग होते का?"

"होते. तळपायाची आग मस्तकात जाते असं ऐकून होते. माझी तळपायातच मुक्काम करते."

डॉक्टर हसली, पण लिहिता लिहिता गंभीर झाली. तिने आम्हाला समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. मेंदूपासून अंगभर बारीक तारा गेलेल्या आहेत, निरोप नेणाऱ्या आणि आणणाऱ्या. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या तारा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या नळ्या हळूहळू खराब होतात. सगळ्यांत लांब तारा पायाच्या, म्हणून पाय आधी बधिर होतात. पाय कुठे आहे हेसुद्धा मेंदूला याच तारा सांगतात. त्यांनी सांगणं बंद केलं की माणूस डोळ्यांनी बघून चालतो.

"आणि ब्रेक बघून दाबायचा नसतो," ताई स्वतःशीच म्हणाल्या.

मी मग दुपारच्या पाऱ्याचं सांगितलं. न सापडणाऱ्या शब्दांचंही सांगितलं. ताईंनी मला कोपर मारलं. डॉक्टरने जेवणाच्या वेळा विचारल्या आणि डोक्याला हात लावला.

"गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली येते. मेंदूचं सगळं काम साखरेवर चालतं. ती कमी पडली की घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात घोळ. तुम्ही रोज दुपारी मेंदूला पेट्रोल न घालता चढावर नेत होतात."

"म्हणजे," दादा इतका वेळ कोपऱ्यात बसले होते ते सावरून पुढे सरकले, "इतकी वर्षं मला दुपारी जे ऐकावं लागलं ते साखरेचं बोलणं होतं?"

"दुपारचं साखरेचं," ताई म्हणाल्या. "सकाळचं माझं स्वतःचं होतं."

डॉक्टरने ताईंच्या स्मरणशक्तीचीही तपासणी केली. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, घड्याळ काढायला लावलं. पाचपैकी चार आठवले. घड्याळ नीट आलं. काळजीचं काही नाही, पण साखर अशीच वरखाली होत राहिली तर पुढे जाऊन मेंदूलाही ते जड जाईल, असं तिने स्पष्ट सांगितलं. आता साखर एका पट्टीत ठेवली तर आहे ते टिकेल. आग कमी होईल. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही.

"आणि गाडी?" ताईंनी विचारलं.

"पायांनी नाही, ताई. चालवायचीही नाही आणि शेजारी ब्रेकवर बसायचंही नाही."

परतीच्या रिक्षात ताई एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षावाल्याने वळताना हात दाखवला नाही, तरी काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

पुढचे दोन महिने गाडीवर कापड पडलेलं होतं. शिकणाऱ्यांना ताईंनी मागच्या गल्लीतल्या टोपीवाल्यांकडे पाठवलं. हे टोपीवाले म्हणजे शहरातले दुसरे शिकवणारे. डोक्यावर बारमाही टोपी, आवाज मऊ. दोघांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण एवढंच, की त्यांच्या मते आधी आरसा आणि मग गिअर, तर ताईंच्या मते आधी गिअर आणि मग आरसा. किंवा उलट असेल. मला कधीच नीट कळलं नाही.

घरात मात्र बदल झाला. दादांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडायचा नाही, पण रोज सकाळी ते ताईंचे तळपाय तपासू लागले. एक आरसा, एक बॅटरी आणि एक वही. वहीत मी एकदा डोकावले. "उजवा: उत्तम. डावा: करंगळीजवळ लाली, बूट बदलावा. मालकीणबाईंची वागणूक: तक्रारीची." पातळ कापडी बूट गेले आणि आतून मऊ, रुंद बूट आले. जेवण बाराला, एक मिनिट इकडेतिकडे नाही. बोट टोचून साखर पाहायचं यंत्र टेबलावर आलं. त्याच्यावरचा आकडा ताई मोठ्याने वाचून दाखवत, जणू क्रिकेटची धावसंख्या. तिसऱ्या आठवड्यात दादा मला हळूच म्हणाले, "दीड वाजून गेला आणि ती माझ्याशी गोड बोलली. मी घाबरलो गं."

पण गाडीवरचं कापड कोणी काढत नव्हतं. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून ताई मागच्या दाराने ये-जा करत.

एक दिवस मामा आले. हातात कागदावर काढलेलं चित्र. स्टिअरिंगच्या शेजारी एक दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. पाय लागतच नाहीत. गाडी मात्र आपोआप गिअर बदलणारी हवी.

"ज्यांचे पाय चालत नाहीत ते अशी गाडी चालवतात," मामा म्हणाले. "रीतसर परवाना मिळतो. मी दोन बसवल्यात. तुमची जुनी देऊन टाकू आणि दुसरी बघू. हातांना सगळं कळतंय ना तुम्हाला?"

ताईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. डॉक्टरला फोन केला. तिने हातांची तपासणी केली, साखरेचे आकडे पाहिले आणि परवानगी दिली, पण अट घातली. गाडीत बसण्याआधी प्रत्येक वेळी साखर मोजायची आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्या.

मामांनी दांडा आणि शेजारचा ब्रेक बसवून दुसरी गाडी आणून दिली. आता प्रश्न राहिला, ताईंच्या शेजारी कोण बसणार? शिकाऊ माणसाला शेजारी शिकवणारा लागतो, आणि शहरात दुसरा शिकवणारा एकच.

ताईंनी दोन दिवस विचार केला. मग मला म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर चल. मला त्या माणसासमोर राग आला तर माझा हात धर."

टोपीवाले दारातच होते. ताईंना पाहून त्यांनी टोपी काढली. मला पहिल्यांदाच कळलं की खाली टक्कल आहे.

"मला गाडी शिकायचीय," ताई म्हणाल्या.

त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "याआधी कधी चालवली आहे?"

मी ताईंचा हात धरला. पण त्यांचे खांदे गदगदताना पाहिले तेव्हा कळलं, त्या हसत होत्या.

शिकणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. सव्वीस वर्षांची सवय पायात. समोर काही आलं की दोन्ही पाय चटईवर धाडधाड आपटायचे आणि हात जागेवरच. मी मागे बसायचे. पहिल्या दिवशी टोपीवाल्यांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक अकरा वेळा दाबला. बाराव्यांदा गाडी हळूच थांबली आणि ताई खूश होऊन म्हणाल्या, "बघा, ही मी थांबवली!"

टोपीवाले नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. मग ताईंच्या लक्षात आलं आणि त्या कपाळावर हात मारून इतक्या हसल्या की गाडी बाजूला घ्यावी लागली. तीही टोपीवाल्यांनीच घेतली.

महिनाभराने पाय शांत बसायला शिकले. ताईंनी त्यासाठी एक युक्ती काढली. पाय एकमेकांवर तिढा घालून ठेवायचे, म्हणजे त्यांना उचलून आपटायला वेळ लागतो. हात हळूहळू शहाणे झाले. दांड्यातून गाडीची कुरकुर येते, असं त्या म्हणू लागल्या. तळव्याइतकी स्वच्छ नाही, पण येते.

परीक्षेच्या दिवशी साखर मोजली, दोन बिस्किटं खाल्ली आणि गेल्या. परीक्षक नवा होता, ताईंना ओळखत नव्हता. पंधरा मिनिटांनी गाडी परत आली. ताई उतरल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या, "नापास!"

झालं होतं असं, की गाडी सुरळीत चालली होती. पण परीक्षकाचा बेल्ट सैल आहे हे ताईंना दिसलं आणि ते सांगायच्या नादात त्यांनी थांबायची पांढरी रेषा ओलांडली.

"बेल्ट सैल होता का?" दादांनी विचारलं.

"होता ना! पण परीक्षा माझी होती. मी परीक्षक असते तर मीही मला नापासच केलं असतं."

तीन आठवड्यांनी त्या पास झाल्या. परीक्षकाने म्हणे त्या दिवशी बेल्ट आधीच करकचून आवळला होता.

शेजारच्या ब्रेकवर त्या आता बसू शकत नाहीत, ते खरंच. म्हणून दोन्ही शाळा एक झाल्या. पुढे टोपीवाले ब्रेकपाशी, मागच्या सीटवर मधोमध ताई. दांड्याच्या गाडीवर चाकाच्या खुर्चीतून फिरणारी माणसं शिकायला येऊ लागली, लांबलांबच्या गावांहूनही. ही अशी गाडी शिकवणारं आसपास दुसरं कोणी नाही. ताईंचे पाय अजून बधिर आहेत, आग मात्र बरीच कमी झालीय. डॉक्टर दर तीन महिन्यांनी नायलॉनचा तुकडा काढते आणि म्हणते, पुढे सरकलेलं नाही. दर खेपेला ती शब्द विचारते. मागच्या वेळी पाचपैकी पाच आले, आणि ताईंनी तिला स्वतःचे पाच शब्द पाठ करायला दिले.

परवा मी भाजी घेऊन येत होते. इमारतीसमोर शिकवणीची गाडी उभी, खिडक्या उघड्या. स्टिअरिंगपाशी एक मुलगी बसली होती, टंकलेखनाचं काम करते ती. तिला लहानपणापासून पायात बळ नाही. समोर दोन गाड्यांच्या मधली जागा, चिंचोळी.

"आधी आरसा," टोपीवाले म्हणत होते.

"आधी मान वळवून बघायचं, आरसा नंतर," मागून ताई.

"ताई, आरसा कशासाठी दिलाय मग?"

"तुम्हाला टोपी नीट करायला."

दोघांचं चांगलं जुंपलं. मी पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहिले. एवढ्यात गाडी हलली, हळूच मागे गेली, आत वळली आणि कडेला समांतर होऊन थांबली. दोघांचं अजून चालूच होतं.

मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "काकू, माझी खुर्ची डिकीत आहे, तेवढी काढून द्याल का? यांचं काही आत्ता संपणार नाही."